कॅमेरा-ड्रोनसाठी घरगुती फ्लोट: तरंगणे सोपे, न उलटणे अवघड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे ९०० ग्रॅम वजनाचा, चार पंख्यांचा, घडी होणारा कॅमेरा-ड्रोन आपल्याकडे आहे. तळ्यावर होडीतून चित्रण करायचे आहे, पण होडीच्या डोलणाऱ्या फळीवर ड्रोन उतरवणे आपल्याला धोक्याचे वाटते. म्हणून ड्रोनच्या पायांना रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधून तो थेट पाण्यावर उतरवता येईल का, हे फ्लोट, म्हणजे ड्रोनला तरंगत ठेवणारे भाग, किती मोठे असावेत, कोणत्या आकाराचे आणि कशाचे करावेत, आणि ते बांधल्यावर ड्रोन नीट उडेल का, असे आपण विचारले आहे. उतरवता येतो. मी स्वतः अनेक वर्षे असे फ्लोट बनवत आलो आहे आणि त्यांवर ड्रोन उतरवत आलो आहे. मात्र बाटल्या पायांना बांधण्याची आपली कल्पना मी आधीच बाजूला ठेवतो, आणि तिच्यामागचे कारण सविस्तर सांगतो, कारण साऱ्या रचनेची किल्ली त्या कारणातच आहे.

मी केलेल्या पहिल्या फ्लोटची जोडी अगदी अशीच होती: ड्रोनच्या पायांखाली, एकमेकांपासून वीतभर अंतरावर बांधलेले फोमचे दोन ठोकळे. टपात ठेवून पाहिले तेव्हा ड्रोन उत्तम तरंगला. तळ्यात उतरवला तेव्हा पाण्याला टेकताना तो किंचित आडवा सरकत होता. एका बाजूचा ठोकळा पाण्यात रुतला, दुसरा उचलला गेला आणि क्षणात ड्रोन पालथा झाला. तो बुडाला नाही. फ्लोट आकाशाकडे आणि मोटरी, कॅमेरा, बॅटरी पाण्याखाली, अशा अवस्थेत तो मी पोहोचेपर्यंत तरंगत होता. फ्लोटने वजन पेलण्याचे काम चोख केले होते, आणि तरीही ड्रोन गेला होता. म्हणून आकारमानाचे गणित आधी उरकून घेऊ आणि उलटण्याच्या प्रश्नाला अधिक वेळ देऊ.

आकारमानाचे गणित आर्किमिडीजच्या तत्त्वाचे आहे आणि ते सरळ आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, आणि गोड्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरचे वजन एक ग्रॅम असते. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. तो फरक आपल्या बाजूचा असल्याने हिशेब नेहमी गोड्या पाण्याचा धरावा. उदाहरणासाठी डीजेआय कंपनीचा मॅविक २ प्रो हा घडीचा कॅमेरा-ड्रोन घेऊ, ज्याचे उड्डाणवेळचे वजन ९०७ ग्रॅम आहे. फोम ७५ ग्रॅम आणि जोडणीची चौकट ७० ग्रॅम धरली, तर एकूण भार सुमारे १,०५० ग्रॅम होतो. म्हणजे फक्त तरंगण्यासाठी १,०५० घनसेंटिमीटर पुरतात. परंतु तेवढ्याच आकारमानाचे फ्लोट पूर्ण बुडालेले राहतील आणि पहिल्याच लाटेत ड्रोन भिजेल. माणसे वाहून नेणाऱ्या समुद्रविमानांच्या फ्लोटसाठी अमेरिकेच्या नियमांत विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त उत्प्लावन, म्हणजे पाण्यावर वजन उचलून धरण्याची क्षमता, मागितलेले आहे. ड्रोनसाठी माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे. दोनपैकी एकट्या फ्लोटचे आकारमानही संपूर्ण भारापेक्षा थोडे जास्त असले पाहिजे. ड्रोन कलतो तेव्हा जवळजवळ सगळा भार एका फ्लोटवर येतो, आणि त्या क्षणी तो फ्लोट पूर्ण बुडाला, तर उलटण्यापासून वाचवणारे काहीच उरत नाही. हा नियम पाळला, की दोन्ही मिळून आकारमान भाराच्या दोन ते अडीच पट आपोआप होते.

पोहायला शिकताना वापरतात ती फोमची लांब नळी या मापाला छान बसते. ६.५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीचा ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा सुमारे १,३२५ घनसेंटिमीटर जागा व्यापतो, आणि असे दोन तुकडे मिळून २,६५० होतात. १,०५० ग्रॅमच्या भाराखाली ते पावणेतीन सेंटिमीटर बुडतात आणि पावणेचार सेंटिमीटर पाण्यावर राहतात. एकटा तुकडाही भार पेलतो. या नळ्यांना मधोमध भोक असते. दोन्ही टोके फोमच्या बुचांनी घट्ट बंद केली नाहीत, तर त्यात पाणी शिरते, उड्डाणाच्या वेळी ते आत पुढेमागे वाहते, आणि ड्रोनचा तोल दर सेकंदाला बदलत राहतो. बुचे बसवायला पाच मिनिटे लागतात, ती आधीच द्यावीत.

आता उलटण्याचा प्रश्न. पाण्यावर स्थिर उभा असलेला ड्रोन कलवला, तर दोन गोष्टींची स्पर्धा सुरू होते. फ्लोटमधले अंतर त्याला सरळ करू पाहते आणि गुरुत्वमध्याची उंची त्याला पाडू पाहते. ढोबळ परंतु उपयोगी कसोटी अशी, की ड्रोनच्या मध्यरेषेपासून एका फ्लोटपर्यंतचे आडवे अंतर आणि पाण्यापासून गुरुत्वमध्याची उंची यांची तुलना करावी. कलता कलता गुरुत्वमध्य बाहेरच्या फ्लोटच्या बरोबर वर आला, की तिथून पुढे ड्रोन पडणारच. पायांना बांधलेल्या बाटल्यांत मध्यरेषेपासूनचे अंतर जेमतेम ९ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर उंच असेल, तर हा निर्णायक कोन सुमारे ३१ अंशांचा येतो. त्याऐवजी फ्लोट मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटरवर नेले आणि गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटरवर आणला, तर तोच कोन सुमारे ६४ अंश होतो. वजन तेच, फोम तोच, आणि सुरक्षितता दुपटीहून अधिक. पुढेमागेही हीच कसोटी लावावी. ४० सेंटिमीटर लांब फ्लोट असेल, तर मध्यापासून टोकापर्यंत २० सेंटिमीटर मिळतात आणि कोन ५९ अंशांच्या आसपास येतो, जो पुरेसा आहे. ड्रोनचा गुरुत्वमध्य फ्लोटच्या लांबीच्या बरोबर मध्यावर, किंवा सेंटिमीटरभर मागे यावा, म्हणजे पुढच्या दिशेने थोडी गती असताना टेकला तरी फ्लोटची नाके पाण्यात खुपसत नाहीत.

तीस अंशांपर्यंत ड्रोन कलेलच कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शांत पाण्यावर बंद पडलेला ड्रोन कलत नाही. उलटवते ते स्वतः चालू असलेले यंत्र. जीपीएसच्या आधारे स्थिर राहणारा ड्रोन पाण्याला टेकल्यावरही आपण हवेतच आहोत असे समजत असतो. वारा किंवा प्रवाह त्याला हळूहळू ढकलतो, ड्रोनच्या आतल्या नियंत्रकाला, म्हणजे मोटरी सांभाळणाऱ्या संगणकाला, जागा चुकल्याचे दिसते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी तो एका बाजूच्या मोटरींचा वेग वाढवून ड्रोन कलवतो. हवेत कलल्यावर ड्रोन सरकतो. पाण्यात फ्लोट अडवून धरतात, त्यामुळे तो सरकत नाही, चूक मिटत नाही, आणि नियंत्रक आणखी जोर लावतो. दोन-तीन सेकंदांत पंखे पाण्याला लागतात. म्हणून फ्लोटचे रुंद अंतर आणि टेकताक्षणी मोटरी बंद करणे हे एकाच उपायाचे दोन भाग आहेत. एकाच्या जिवावर दुसरा सोडू नये.

रुंद अंतराचा दुसरा मोठा फायदा हवेतला आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधारण २२ सेंटिमीटर व्यासाचे चार पंखे ९०० ग्रॅम वजन पेलत असताना हवा पंख्यांच्या पातळीवर सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने खाली ढकलतात. खाली जाताना हा झोत आकसतो आणि त्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. या झोतात आडवा फोम आला, की झोत त्याला खाली दाबतो. वरच्या मापाचे फ्लोट पंख्यांच्या खालोखाल बसवले, तर हा दाब सहज शंभर ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे फ्लोटच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त ओझे कुठल्याही तराजूवर न दिसता ड्रोन उचलत राहतो. अशा आकाराच्या घडीच्या ड्रोनमध्ये आकसलेल्या झोताची बाहेरची कड मध्यरेषेपासून सुमारे २२ सेंटिमीटरवर येते. फ्लोट २५ सेंटिमीटरवर नेले, की ते झोताबाहेर पडतात. आपल्या ड्रोनसाठी ही कड मोजून काढावी. मोटरीच्या अक्षापासून बाहेरच्या दिशेने पंख्याच्या त्रिज्येच्या सात दशांश अंतर मोजले, की ती मिळते.

तिसरा फायदा चित्रणाचा. कॅमेरा पुढच्या बाजूला असतो आणि त्याचे आडवे दृश्यक्षेत्र सामान्यतः ६५ ते ७५ अंशांचे असते. २५ सेंटिमीटर बाजूला आणि कॅमेऱ्याच्या जेमतेम चार बोटे पुढे येणारे फ्लोट त्या क्षेत्राच्या पुष्कळ बाहेर राहतात. तरीही एक तपासणी हाताने करावी. ड्रोन मागच्या दिशेने उडताना त्याचे नाक वर उचलले जाते, गिंबल, म्हणजे कॅमेरा पेलणारी फिरती पकड, मात्र कॅमेरा क्षितिजसमांतर धरून ठेवते, त्यामुळे फ्लोटची पुढची टोके चित्रात वर सरकतात. पंखे काढून, कॅमेरा चालू ठेवून, ड्रोन हातात वीस अंश मागे कलवावा आणि पडद्यावर काय दिसते ते पाहावे. पुढे एक आडवा आणि मागे एक आडवा अशी फ्लोटची मांडणीही काही जण करतात. ती बांधायला सोपी असते, पण पुढचा आडवा फ्लोट कॅमेऱ्यासमोरच येतो. तिची शिफारस मी चित्रणासाठी करणार नाही.

रुंद मांडणीची किंमतही सांगितली पाहिजे. मध्यापासून दूर लटकलेले वजन ड्रोनच्या कलण्याला विरोध करते, त्यामुळे तो बाजूला झुकायला आणि थांबायला थोडा सुस्त होतो. लांब दांड्या लवचीक असतील, तर फ्लोट हलू लागतात, नियंत्रक त्या हालचालीला प्रतिसाद देतो, आणि दोघांच्या ओढाताणीतून चित्रात थरथर दिसते. म्हणून दांड्या ताठ असाव्यात आणि फ्लोट शक्य तितके हलके असावेत. दोन आडव्या दांड्या, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही फ्लोटना जोडून बंद चौकोन तयार केला, की नुसत्या दोन लोंबत्या पायांपेक्षा रचना कितीतरी ताठ होते. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या फायबरग्लासच्या दांड्या किंवा चांगल्या वाळलेल्या बांबूच्या काड्या मी वापरतो. कार्बन फायबर हलका आणि ताठ असतो, पण तो वीजवाहक असल्यामुळे रेडिओ लहरी अडवतो. अनेक ड्रोनच्या अँटेना पायांतच असतात. अशा पायांना कार्बनची नळी किंवा धातूची पट्टी गुंडाळली, की रिमोटचा पल्ला एकदम घटतो. लोखंडी स्क्रू आणि चुंबकी पकडी ड्रोनमधल्या होकायंत्राच्या जवळ आणू नयेत. प्लॅस्टिकचे झिप टाय आणि वेल्क्रोचे पट्टे पुरेसे होतात.

आकाराबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. समुद्रविमानाच्या फ्लोटसारखी टोकदार नाके, तळाला पायरी, खालून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार, हे सगळे पाहून लोक तसेच कोरायला बसतात. त्या पायरीचे काम विमान पाण्यावर वेगाने धावताना तळाखाली हवा शिरवून त्याला पाण्यापासून सोडवणे हे आहे. ड्रोन धावत नाही, सरळ खाली येतो आणि सरळ वर जातो, त्यामुळे पायरीचा त्याला उपयोग नाही. त्याला गोल तळ हवा. सपाट तळ टेकताना पाण्यावर थपकन आपटतो आणि उचलताना पाणी त्याला धरून ठेवते. दोन फ्लोट एकाच क्षणी सुटले नाहीत, तर ड्रोन जाग्यावरच कलतो. गोल तळाचा फ्लोट पाण्यात हळूवार शिरतो आणि तसाच सुटतो. टोकेही गोलसर करावीत, म्हणजे आडवी गती असली तरी फ्लोट पाण्यावरून घसरतो, त्यात रुतत नाही.

साहित्यात माझी पहिली पसंती बंद पेशींच्या पॉलिएथिलीन फोमला, म्हणजे वर सांगितलेल्या नळीला आहे. त्याचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असल्याने तो चिरला, टोचला तरी पाणी आत पसरत नाही. त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे तीन शतांश ग्रॅम असते, आणि तो आपटल्यावर दबून पुन्हा पूर्ववत होतो. त्याला कोणताही गोंद नीट धरत नाही, म्हणून तो बांधावा लागतो. झिप टाय थेट ओढला तर तो फोममध्ये रुतून त्याला कापतो. मध्ये पातळ प्लॅस्टिकची रुंद पट्टी घालावी. थर्माकोल हलका असतो आणि त्याला हवा तसा आकार देता येतो, पण त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी हळूहळू मुरते आणि कडा लवकर झडतात. तो वापरायचाच असेल, तर बाहेरून पाण्यावर आधारित रंग किंवा इपॉक्सीचा पातळ थर द्यावा. पेट्रोल, थिनर किंवा तीव्र द्रावक असलेला गोंद लावू नये, कारण तो थर्माकोल विरघळवतो. घर बांधताना उष्णतारोधक म्हणून वापरतात तो दाट, निळसर किंवा गुलाबी पॉलिस्टायरीन फोम थर्माकोलपेक्षा चांगला, कारण तो फार कमी पाणी शोषतो. मात्र त्यालाही द्रावकाचा तोच धोका आहे.

टेबल टेनिसचे चेंडू जाळीत भरून फ्लोट करण्याची युक्ती मला कोणीतरी सुचवली होती, आणि तिचा हिशेब मी केला. ४० मिलिमीटरचा चेंडू २.७ ग्रॅम वजनाचा असतो आणि साधारण ३३.५ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे हजार घनसेंटिमीटरसाठी तीस चेंडू आणि ८१ ग्रॅम लागतात. तेवढ्याच जागेचा फोम ३० ग्रॅममध्ये होतो. बाटल्यांचा दोष वेगळा आहे. त्यांचे सगळे उत्प्लावन एका पातळ भिंतीवर आणि एका झाकणावर अवलंबून असते, आणि उन्हात भरलेली हवा थंड पाण्यावर आकसून बाटली चेपते. बाटली वापरण्याचा आग्रहच असेल, तर तिच्या आत फोमचे तुकडे कोंबावेत. त्रिमितीय छपाईने केलेल्या पोकळ फ्लोटनाही हीच सूचना लागू आहे, कारण छपाईच्या थरांमधून पाणी झिरपते.

वजन वाढल्याचा परिणाम उड्डाणाच्या वेळेवर कसा होतो, हे आधीच मोजता येते. हवेत स्थिर राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. ९०७ ग्रॅमच्या ड्रोनवर १४५ ग्रॅम चढवले, म्हणजे वजन १६ टक्के वाढले, तर शक्ती सुमारे २५ टक्के वाढते आणि तीस मिनिटांची उड्डाणवेळ चोवीसवर येते. पुढे उडताना फ्लोटचा हवेला होणारा अडथळा त्यात मिळवला, तर वीस मिनिटांत परतण्याची सवय ठेवावी. २५० ग्रॅमखालच्या छोट्या ड्रोनधारकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ देशांत नियमांची पायरी २५० ग्रॅमवर बदलते, आणि उड्डाणाच्या वेळी फ्लोटसह जे वजन असते तेच धरले जाते.

चौकट ड्रोनला जोडताना तीन जागा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. पोटाखालच्या हवा खेळण्याच्या जाळ्या झाकल्या, तर आतील इलेक्ट्रॉनिक भाग तापतात. खाली पाहणाऱ्या संवेदकांच्या नजरेत दांडी किंवा फोम आला, तर जमीन अगदी जवळ आहे असे समजून ड्रोन विचित्र वागतो, कधी उतरायला नकार देतो, कधी आपणहून वर चढतो. आणि गिंबल चालू होताना चारी दिशांना फिरते, त्यासाठी जागा हवी. तरंगताना कॅमेऱ्याचा सर्वांत खालचा भाग पाण्यापासून किमान पाच-सहा सेंटिमीटर वर असावा. उंची याहून वाढवण्याचा मोह होतो, कारण पाणी लांब राहिलेले बरे वाटते. परंतु उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर उलटण्याच्या कोनातून वजा होतो. लाटांपासून बचाव हवा असेल, तर त्या दिवशी उतरूच नये. फ्लोटच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा लाट मोठी दिसली, की मी ड्रोन पाण्यावर उतरवत नाही, होडीतल्या सहकाऱ्याला देतो किंवा काठावर नेतो.

पाण्यावरची एक अडचण फ्लोटशी संबंधित नाही, पण तिच्यामुळे फ्लोट निकामी ठरतात. खालचे कॅमेरे जमिनीवरील खुणा पाहून ड्रोन स्थिर ठेवतात. पाण्यावर त्यांना सरकणाऱ्या लहरी, चमक आणि आकाशाचे प्रतिबिंब दिसते, त्यामुळे ड्रोन लहरींच्या मागे वाहू लागतो. इन्फ्रारेड अंतरमापकही पारदर्शक किंवा आरशासारख्या पाण्यावर चुकतो. ज्या ड्रोनमध्ये हे संवेदक आणि उतरतानाचे संरक्षण सेटिंगमध्ये बंद करता येते, तिथे पाण्यावर उतरण्यापूर्वी ते बंद करावे, आणि काठावर परतल्यावर आठवणीने चालू करावे. होडीतून उड्डाण करत असाल, तर घरपरतीचा बिंदू, म्हणजे ड्रोन आपणहून परततो ती जागा, उड्डाणाच्या जागी ठरलेला असतो आणि होडी तोवर दूर गेलेली असते. तो बिंदू अधूनमधून नव्याने ठरवावा, किंवा काठावरची एक मोकळी जागा त्यासाठी निवडावी.

चाचणी पायरीपायरीने करावी, आणि एकही पायरी गाळू नये. आधी ड्रोनऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी चौकटीवर, गुरुत्वमध्याच्या खऱ्या उंचीवर बांधून टपात किंवा हौदात सोडावी. ती बोटाने एका बाजूने उचलत न्यावी आणि कोणत्या कोनात पडते ते पाहावे. पंचेचाळीस अंशांच्या आत पडत असेल, तर अंतर वाढवावे. तीच चौकट रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे मुरलेले पाणी. नंतर फ्लोट लावून जमिनीवरून, गवतावरून दोन-तीन बॅटऱ्या भरून उड्डाणे करावीत, वाऱ्यात वळवून, थांबवून, मागे नेऊन पाहावे, आणि चित्रात थरथर आहे का ते मोठ्या पडद्यावर तपासावे. पाण्याची पाळी त्यानंतर, आणि तीही शांत पहाटे, काठाजवळ, जिथे आपण चालत जाऊ शकतो अशा उथळ जागी. फ्लोटचा खालचा भाग भडक नारिंगी किंवा पिवळा असावा, म्हणजे ड्रोन पालथा झालाच, तर दुरून दिसतो.

प्रत्यक्ष उतरताना मीटरभर उंचीवर थांबावे, ड्रोन खरोखर स्थिर होण्याची वाट पाहावी, आणि मग अजिबात आडवी गती न ठेवता सावकाश, पण न रेंगाळता खाली यावे. शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये पंख्यांचा वारा तुषार उडवतो. तिथे थांबणे म्हणजे ड्रोनला आंघोळ घालणे होय. फ्लोट टेकताच रिमोटवरची, ड्रोन वर-खाली नेणारी डावी कांडी पूर्ण खाली धरून मोटरी थांबेपर्यंत सोडू नये. डोलणाऱ्या पाण्यावर आपण उतरलो हे नियंत्रकाला उशिरा कळते, कारण त्याला हालचाल जाणवत राहते. दोन्ही कांड्या खाली आत धरून मोटरी तातडीने थांबवण्याची सोय आपल्या ड्रोनमध्ये असेल, तर ती आधी जमिनीवर सराव करून हातात बसवावी, आणि टेकल्याची पूर्ण खात्री झाल्यावरच वापरावी, कारण काही ड्रोनमध्ये ती हवेतही मोटरी बंद करते. वाहत्या नदीवर एक वेगळी काळजी घ्यावी लागते. जीपीएसवर स्थिर असलेला ड्रोन काठाच्या तुलनेत थांबलेला असतो, पाणी मात्र त्याच्याखालून सरकत असते, म्हणजे टेकताना फ्लोटला आडवा धक्का बसणारच. तिथे प्रवाहाच्या दिशेने, पाण्याच्या वेगाने ड्रोन हळू पुढे नेत टेकवावा लागतो. हे कौशल्य तळ्यावर हात बसल्यावरच आजमावावे.

पाण्यावरून पुन्हा उडणे त्या मानाने सोपे आहे. ड्रोन नेहमी काठावर किंवा होडीत स्थिर ठेवून चालू करावा, कारण चालू होताना त्याचे संवेदक स्थिरतेची अपेक्षा करतात. तरंगताना बॅटरी बंद-चालू करू नये. मोटरी मंद गतीने दोन सेकंद फिरू द्याव्यात आणि मग निर्धाराने मीटरभर वर न्यावे. उड्डाणानंतर फ्लोट, दांड्या आणि मोटरींवरचे पाणी पुसावे, आणि खालच्या संवेदकांच्या काचा कोरड्या कापडाने स्वच्छ कराव्यात.

एवढे करूनही ड्रोन पालथा झाला, तर सर्वांत आधी बॅटरी काढावी. ब्रशलेस मोटरी गोड्या पाण्यात सहसा तगतात, त्यांच्या बेअरिंगना मात्र गंज धरतो. खरे नुकसान सर्किटवर आणि जोडांवर होते, आणि तेही वीज चालू असताना. खाऱ्या पाण्यात पडलेला ड्रोन बॅटरी काढल्यावर लगेच गोड्या, शक्यतो शुद्ध केलेल्या पाण्याने धुवावा, कारण वाळलेले मीठ हवेतली आर्द्रता ओढून गंज चालू ठेवते. मग तो उघडून पूर्ण वाळू द्यावा. घाईने चालू करून पाहणे हीच बहुतेक वेळा शेवटची चूक ठरते. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वरून कोरडी दिसली, तरी आत बिघाड वाढत राहू शकतो आणि काही तासांनंतरही ती पेट घेऊ शकते. ती घरात किंवा होडीच्या कप्प्यात ठेवू नये, पुन्हा चार्ज करू नये. उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून ती नंतर बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.